राहू दे

मंगळवार, रात्र

नव्या खोलीत साडेदहाला लाइट बंद करायचा नियम आहे. नियम रेक्टरबाईंचा नाही, या दोघींचा. त्यामुळे पांघरुणात मोबाइलचा टॉर्च धरून लिहितेय. अक्षर कसं येतंय ते उद्या कळेल.

आज तासाला जे झालं ते कुणाला सांगायला जावं तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. मॅडम गेल्या आठवड्यात म्हणाल्या होत्या, गाइड बाजूला ठेवा, मेलव्हिलची 'बार्टलबी' ही गोष्ट वाचून तुम्हाला स्वतःला काय वाटलं ते एका पानात लिहून आणा. आज सगळ्यांनी वाचून दाखवलं. चौदा जणांची चौदा पानं, आणि चौदाही बार्टलबीच्या बाजूची. शोषण, भांडवलशाही, मूक प्रतिकार. एकाने गांधीजी आणले, एकीने अमेरिकन लेखक थोरो. (थोरो कुठेही चालतो. कर भरला नाही म्हणून १८४६ साली एक रात्र तुरुंगात काढली, सकाळी कुणीतरी परस्पर पैसे भरलेले, आणि आम्हाला दर परीक्षेत दहा मार्कांची सोय.)

माझं पान सगळ्यात चांगलं होतं. हे मी नाही म्हणत, मॅडम म्हणाल्या. शेवटचं वाक्य परत वाचायला लावलं. 'ज्याला कुठेच जागा नाही, त्याने असलेली जागा न सोडणं हेच त्याचं बोलणं.' मागच्या बाकावरून 'वा' आलं. मग फळा पुसता पुसता मॅडम सहज म्हणाल्या, "वकिलाच्या बाजूने कोणीच नाही का रे?"

सगळे हसले. मी वहीत बघत बसले.

शनिवारी मी खोली बदलली.

गोष्ट तशी छोटीच. मेलव्हिलने १८५३ साली एका मासिकात छापली, तीही स्वतःचं नाव न घालता. त्याची 'मोबी डिक' ही कादंबरी दोनच वर्षांपूर्वी आपटली होती. वॉल स्ट्रीटवर एका वयस्क वकिलाची कचेरी. एका बाजूच्या खिडकीतून पांढरी भिंत दिसते, दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून दहा फुटांवर काळी पडलेली विटांची भिंत. दोन नक्कलनवीस आधीपासून आहेत. टर्की दुपारी बारानंतर बिघडतो, निपर्सला सकाळी अपचन असतं, त्यामुळे एका वेळी एकच बिघडलेला असतो आणि वकिलाचं भागतं. (नक्कलनवीस हा शब्द मला आप्पांमुळे माहीत. आमच्या तालुक्याच्या कोर्टात नकलेचा अर्ज करून किती खेपा घालाव्या लागतात ते वर्गातल्या मुंबईकरांना काय कळणार.) मग तिसरा येतो तो बार्टलबी. फिकट, नीटनेटका, गप्प. शंभर शब्दांना चार सेंट. हिरव्या पडद्याआड बसून पहिल्यांदा हपापल्यासारखा लिहीत सुटतो. तिसऱ्या दिवशी वकील त्याला हाक मारतो, ये जरा, ही नक्कल ताडून बघू. पडद्यामागून उत्तर येतं, 'आय वुड प्रेफर नॉट टू.'

हे वाक्य मराठीत आणायचं म्हणून मी पानावर बराच वेळ घालवला होता. 'मी ते न करणं पसंत करेन' म्हणजे सरकारी परिपत्रक. 'मला नाही करायचं' म्हणजे भांडण. 'नको' म्हणजे पंगतीत ताटावर हात आडवा धरल्यासारखं. शेवटी मी मूळ इंग्रजीच ठेवलं आणि भाषांतराच्या मर्यादा वगैरे लिहून मोकळी झाले.

खरं तर मराठी वाक्य मला माहीत होतं. दिवाळीनंतर रूममेटकडून रोज ऐकत होते.

चहा आणू का? राहू दे.
तासाला येतेस? राहू दे गं.
निदान खिडकी तरी उघडू? राहू दे.

एकदाही नाही म्हणाली नाही. नाही म्हणाली असती तर भांडता आलं असतं. भिंतीकडे तोंड, गुडघे पोटाशी, आवाज इतका साधा की विचारणाऱ्यालाच आपण फार मागतोय असं वाटावं. बार्टलबीच्या वाक्यात निदान 'मी' तरी आहे. 'राहू दे' मध्ये तोही नाही. आणि लागण म्हणावी तर तीही तशीच. गोष्टीत कचेरीतले सगळे नकळत 'प्रेफर' म्हणायला लागतात. आमच्या मजल्यावर जानेवारीपर्यंत मेसच्या भाजीपासून निवडणुकीपर्यंत सगळ्याला 'राहू दे' सुरू झालं होतं. तिच्यासमोरसुद्धा. मी हसले होते त्यात.

पण मी केलंही ना. कुणी विचारत नाही म्हणून इथे लिहिते. सकाळचा नाश्ता वर आणला. तिची हजेरी लावली, तीन वेळा, पकडली गेले असते तर माझंही वर्ष गेलं असतं. तिच्यासाठी दोन पेपरांच्या नोट्स हाताने उतरवून काढल्या. बिस्किटांचे पुडे आणून उशाशी ठेवायचे. रात्री ती जागी असायची, काही करत नसायची, नुसती जागी, आणि दुसरं माणूस अंधारात जागं आहे हे कळलं की झोप लागत नाही, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच समजेल. माझी नेटची परीक्षा जूनमध्ये आहे. आईचे फोन वेगळेच. दादाचं ते झाल्यापासून घरात माझ्या निकालावरच सगळं... जाऊ दे. मुद्दा इतकाच की मलाही काही आहे. मी काही दगड नाही आणि देवही नाही. चौदा पानांत एकालाही वाटलं नाही की त्या म्हाताऱ्यालाही झोप लागत नसेल?

हे लिहून झालं आणि मग मी पुस्तक काढून ते पान बघितलं. बघायला नको होतं.

वकील एके ठिकाणी स्वतःशी हिशोब मांडतो. या बार्टलबीला सांभाळून घेतलं तर मला काही फार खर्च नाही, आणि पुढेमागे मनाला गोड लागेल असा घास शिल्लक पडेल. स्वस्तात आपणच आपल्यावर खूश व्हायची सोय. पेन्सिलीने मी त्याखाली रेघ मारलीय आणि समासात लिहिलंय, 'ढोंगी!!' दोन उद्गारचिन्हं. तारीख घालायची मला सवय आहे. त्या दिवशी सकाळी मी तिला उपमा नेऊन दिला होता आणि खाली मेसमध्ये तीन जणींना ते सांगितलं होतं.

आता शनिवारचं. ट्रंक ओढताना तिच्या कॉटखाली हात गेला. तिथे माझे पुडे होते. सात. एकावर एक, कडा जुळवून, भिंतीला टेकवून ठेवलेले. एकही फोडलेला नाही, एकही टाकलेला नाही. गोष्टीत रविवारी सकाळी वकील चर्चला जाता जाता कचेरीत डोकावतो आणि त्याला कळतं की हा माणूस इथेच राहतो. टेबलाखाली आणि खुर्चीवर त्याचा संसार: गुंडाळलेलं कांबळं, पत्र्याचं तसराळं, साबण, फाटका टॉवेल, आणि कागदात आल्याच्या बिस्किटांचा चुरा. तिथे निदान चुरा होता.

मी पुडे तसेच ठेवले. मच्छरदाणीच्या दोऱ्या सोडल्या, दोन खिळे काढले, मधली दोरी सोडली जिच्यावर आम्ही ओढण्या वाळत घालायचो. खोली एकदम मोठी दिसायला लागली. ती तशीच पडून. वकील दुसरीकडे कचेरी हलवतो तेव्हाही सामान सगळं जातं, सगळ्यात शेवटी तो हिरवा पडदा घडी घालून नेतात आणि रिकाम्या खोलीत बार्टलबी तेवढा उभा राहतो. त्याला हाकलवत नाही म्हणून वकील स्वतःच निघून जातो. मी वर्गात हे वाक्य वाचलं तेव्हा मोठ्याने हसले होते. घरमालकाने भाडेकरूला घाबरून घर सोडावं तसं.

रूम बदलायच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं, 'अभ्यासाची गैरसोय.' रेक्टरबाईंनी वाचलंसुद्धा नाही.

दारातून म्हटलं, "जाते गं. वरच आहे, तिसऱ्या मजल्यावर." ती म्हणाली, "हं."

आणि खाली जाऊन काय केलं? मेसच्या मावशींना गाठलं, पन्नास रुपये हातावर ठेवले आणि सांगितलं, तिचा डबा वर पाठवत जा, भाजी जरा बरी असेल ती घाला. मावशी म्हणाल्या, पैसे कशाला गं, पण घेतले. फार बरं वाटलं मला. जिना चढताना तर गुणगुणत होते. बार्टलबीला न्यूयॉर्कच्या 'टूम्ब्ज' तुरुंगात नेतात तेव्हा वकील भेटायला जातो आणि तिथल्या जेवण पुरवणाऱ्याच्या हातावर चांदीची नाणी ठेवून म्हणतो, याला जे चांगलं मिळेल ते खायला घाल. हे मला आज दुपारी, तास संपल्यावर, सायकलचं कुलूप काढताना आठवलं. किल्ली फिरेना. कुलूप खराब आहे तसंही.

हसू यायला लागलं खरं सांगायचं तर. पावणेदोनशे वर्षांमागचा, मिशा असतील नसतील असा एक अमेरिकन म्हातारा, जॉन जेकब ॲस्टरसारख्या धनाढ्याशी आपली ओळख आहे हे पहिल्याच पानावर सांगून टाकणारा (आमच्याकडचे नाही का, 'साहेब मला नावाने ओळखतात'), आणि मी पाऊल टाकेन तिथे हा आधीच जाऊन आलेला. गोष्टीत एकदा तर हा पळतो. सरळ पळतो, बसमध्ये चढतो, आणि मग काही दिवस आपल्या घोडागाडीतच काढतो. जर्सी सिटी, होबोकेन, अस्टोरिया. माझं होबोकेन म्हणजे लायब्ररीचा वाचनकक्ष. शुक्रवारी सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत तिथे होते, आणि वाचत काय होते, तर 'बार्टलबी'.

तो वाईट असता तर सोपं होतं. तो वाईट नाहीये, तेच तर आहे. दुसऱ्या कुणी त्या पोराला आठवड्याच्या आत जिन्यावरून खाली टाकलं असतं. याने पगार दिला, वर पैसे दिले, वाट बघितली, नोकऱ्या सुचवल्या. आणि पळायच्या आधी एक गोष्ट केली जी मी नाही केली. म्हणाला, माझ्याबरोबर घरी चल. कचेरीत नाही, माझ्या राहत्या घरी, तुझं काय ते ठरेपर्यंत राहा.

मला म्हणता आलं असतं. एसटीने साडेचार तास. आईने एका शब्दाने विचारलं नसतं, किंवा विचारलं असतं, नंतर. बार्टलबी नाहीच म्हणाला त्याला, तीही म्हणाली असती, राहू दे. पण मी तिच्या उत्तराला घाबरून गप्प बसले नाही. ती हो म्हणाली तर, याला घाबरले.

शेवटी वकील एक अफवा सांगतो. बार्टलबी म्हणे आधी वॉशिंग्टनला टपालखात्यात कारकून होता, ज्या पत्रांना मालक सापडत नाही ती पत्रं जाळायला निवडून काढायची, हे काम. कुणाची अंगठी, कुणाची नोट, पोचेपर्यंत माणूसच गेलेलं. मॅडमनी या भागावर अख्खा तास घेतला. मला आता वाटतं, हे वकिलाने स्वतःसाठी शोधलंय. कारण सापडलं की झोप लागते. आम्हीही शोधली की. ठरलेलं मोडलं म्हणे. वडिलांचं काहीतरी. पेपर राहिलेत. मजल्यावर चार कारणं फिरत होती आणि त्यातलं एक माझ्याकडून निघालं होतं.

मेलव्हिल स्वतः पुढे १८६६ पासून एकोणीस वर्षं न्यूयॉर्कच्या जकातखात्यात निरीक्षक होता. परीक्षेला येणार नाही, पण लिहून ठेवते.

आणखी एक. सबंध गोष्ट वकील सांगतो, बार्टलबीच्या वाट्याला मोजकी वाक्यं. मीही आज एवढी पानं भरली. तिची वाक्यं मोजायला गेले आणि सोडून दिलं.

*

मध्ये दार वाजलं. साडेअकरा वाजून गेले होते. दोघींपैकी कुणी हललं नाही म्हणून मीच उठले.

ती होती. हातात माझा एक्स्टेन्शन बोर्ड. वायर नीट गुंडाळून तिला केसांचं रबर लावलेलं. पायात चप्पल नाही.

"राहिला होता."

मी पटकन म्हटलं, "अगं राहू दे की तुझ्याकडे."

म्हणून झाल्यावर ऐकू आलं मला ते. तिला आलं की नाही कोण जाणे. ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती.

"त्या कॉटजवळ प्लग नाहीये. एफवायला मी याच खोलीत होते. दाराच्या मागून घ्यावं लागतं."

बोर्ड माझ्या हातात दिला आणि वळली. केस ओले होते. पाठीवरचा कुर्ता भिजला होता. गरम पाणी सातलाच जातं आमच्याकडे.

'थांब' म्हणायला हवं होतं. मी "गुड नाइट" म्हटलं.

दाराच्या मागे खरंच प्लग आहे. वायर जेमतेम पुरली. बटण दाबलं, बोर्डाचा लाल दिवा लागला, आणि पलीकडच्या कॉटवरून ओढणीतून आवाज आला, "ए, ते लाल बंद कर ना."