‘घाबरलाय’ हा शब्द वहीत लिहायचा नाही

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, वुडबर्न इथे मॅक्लारेन नावाचं किशोर सुधारगृह आहे. तिथल्या शाळेच्या उपमुख्याध्यापक जोन डाल्टन यांनी १९९३ साली ‘प्रोजेक्ट पूच’ सुरू केला. शेल्टरमधला बेवारस कुत्रा सुधारगृहातल्या मुलाच्या हवाली करायचा. त्याचं खाणंपिणं, अंघोळ, पिंजऱ्याची सफाई आणि शिकवणी मुलानेच करायची. कुत्रा घरात राहण्याजोगा झाला की तो दत्तक द्यायचा. शिकवायचं ते खाऊ आणि शाबासकी देऊन, मारझोड नाही. आपल्याकडच्या शेल्टरमध्येही १३ ते १७ वर्षांच्या मुलांबरोबर हे काम आठवड्याला दोन सत्रांत बसवता येतं. फक्त सुरुवात कुठून करायची, यातच बहुतेक जण चुकतात. पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात दोरी देऊन ‘बस’ शिकवायला लावतात.

कुत्रा निवडताना चावल्याचा इतिहास नको, रेबीजसह सगळ्या लसी झालेल्या हव्यात, जंताचं औषध दिलेलं हवं आणि नवा आलेला असेल तर किमान दोन आठवडे वेगळा ठेवलेला हवा. मुलांनी आधीच रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. एका कुत्र्यामागे दोन मुलं: एक काम करेल, दुसरा वही लिहील, मग अदलाबदल.

पहिली दोन सत्रं हात लावायचा नाही. पिंजऱ्यापासून दोन मीटरवर, कुत्र्याकडे तोंड न करता कडेने बसायचं आणि १५ मिनिटं हळू आवाजात काहीही वाचायचं, अगदी इतिहासाचं पुस्तकसुद्धा. दुसऱ्याने वहीत फक्त दिसलेलं लिहायचं. ‘घाबरलाय’, ‘लबाड आहे’, ‘चिडका आहे’ हे शब्द बाद. ‘शेपूट पायांत, तोंड मिटलेलं, दोनदा नाक चाटलं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसलं, वजन मागच्या पायांवर’ असं लिहायचं. झोप आलेली नसताना दिलेली जांभईही नोंदवायची. ती बहुतेकदा ताणाची असते. शेपूट हलली म्हणजे खूश, हा समज इथेच मोडतो: ताठ, उंच धरून थरथरणारी शेपूट म्हणजे ‘जवळ येऊ नको’ असू शकतं. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळलंच, असं मानायची घाई या वहीमुळे कमी होते. आमच्या मते सगळ्या कार्यक्रमातली सर्वांत मोलाची वस्तू ही वहीच.

मग खाऊ. उकडलेली कोंबडी, मीठमसाला आणि कांदा-लसूण न घातलेली, मटाराच्या दाण्याएवढे तुकडे. दिवसभराच्या आहारात खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या वर नको. भित्र्या कुत्र्याला तुकडा दाखवून जवळ ओढायचं नाही. भुकेपोटी तो झेपेल त्यापेक्षा पुढे येतो, तुकडा संपतो आणि माणसाचा हात एकदम तोंडाशी आहे हे त्याला उमगतं. चावे बरेचदा तिथेच बसतात. म्हणून तुकडा त्याच्या पाठीमागे टाका. तो मागे जाऊन खाईल आणि परत यायचं की नाही ते स्वतः ठरवेल. आपणहून आला, तर छातीला तीन सेकंद खाजवा आणि थांबा. अंग टेकवलं तर पुढे चला, मान वळवली तर तिथेच थांबा.

क्लिकर म्हणजे दाबलं की ‘टिक्’ वाजणारी छोटी डबी; टिक् म्हणजे ‘हे बरोबर’, आणि लगेच खाऊ. कुत्र्यावर क्लिकर वापरण्याआधी मुलांनी तो एकमेकांवर वापरावा. एक मुलगा बाहेर जातो. बाकीचे ठरवतात की त्याने येऊन खिडकीला हात लावायचा. आत आल्यावर त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. योग्य दिशेने हालचाल झाली की फक्त ‘टिक्’. टिक् एका सेकंदाने उशिरा पडली की तो भलतंच शिकतो, गोल गोल फिरतो, वैतागतो, शेवटी भिंतीला टेकून उभा राहतो. खेळ संपल्यावर त्याला एवढंच विचारा: आपल्याकडून काय हवंय ते कळत नव्हतं, तेव्हा कसं वाटलं? उत्तर मिळेपर्यंत गप्प राहा. ‘हा ऐकतच नाही’ ही तक्रार त्यानंतर बरीच कमी होते.

सत्रात कुत्र्याला शिकवण्याचा भाग पाच मिनिटांचाच असावा. दहापैकी आठ वेळा जमलं तर पुढची पायरी. पाच किंवा कमी वेळा जमलं तर मागची. आवाजाला बिचकणाऱ्यासाठी क्लिकरऐवजी बॉलपेनची टिकटिक पुरते. दोरीला हिसका बसला किंवा मुलाचा आवाज चढला, की सत्र तिथेच बंद. त्या मुलाला सगळ्यांसमोर बोल लावू नका. तो शांत झाला की वही उघडून शेवटच्या दोन मिनिटांत कुत्र्याने काय काय ‘सांगितलं’ होतं, ते त्यालाच शोधू द्या. दात लागलाच, ओरखडा का असेना, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

दत्तक देण्याची वेळ सर्वांत अवघड. तारीख मुलाला किमान आठवडाभर आधी सांगा. अचानक रिकामा पिंजरा दिसणं क्रूर आहे. वहीच्या आधारे त्याने नव्या घरासाठी एक पानभर पत्र लिहावं: कुकरच्या शिट्टीला काय करतो, पंजे पुसू देतो का, ताटली कुठे ठेवली तर निवांत खातो. पत्र हातात देताना नव्या पालकांना तुकडा मागे टाकून दाखवणं हेही त्याचंच काम. पुढच्या आठवड्यात त्या घरून फोन आला, ‘पलंगाखालून बाहेरच येत नाही’, तर फोन आधी त्या मुलाकडे द्या.