अभिलेखागाराचा डिप्लोमा, नाशिक आणि कंत्राटी काम: माझा अनुभव

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा (जुनी सरकारी कागदपत्रं जपणारी संस्था) एक वर्षाचा डिप्लोमा करून नाशिकला परतलो, तेव्हा कायमच्या जागेची जाहिरात मला दिसली नाही. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे दप्तरखाने मुंबई, पुणे, कोल्हापूर अशा ठिकाणी. नाशिकमध्ये जुने कागद वाचण्याचं आणि स्कॅन करण्याचं जे काम मिळालं ते एजन्सीमार्फत, अकरा महिन्यांच्या करारावर किंवा पानामागे दराने.

दार उघडलं मोडीमुळे. 2023 मध्ये जुन्या मोडी कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. मात्र अक्षर लागलं म्हणजे कागद लागला असं होत नाही. ‘सन इसन्ने सबैन मया व अलफ’ असं दिसलं, तर दोन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली अरबी शब्दांत लिहिलेली कालगणना) 1172. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1771-72. शकात 78 मिळवायचे, तिथी जानेवारी ते फाल्गुनअखेर पडत असेल तर 79. नवीन मुलं बहुतेक इथेच अडतात, म्हणून वर्णमालेइतकाच वेळ कालगणनेला द्या.

पानामागे दर असेल तर करारातला ‘पान’ हा शब्द आधी तपासा. माझ्या पहिल्या करारात त्याचा अर्थ लिहिलेला नव्हता. मी पाठपोट मिळून दोन प्रतिमा काढत होतो, एजन्सीने कागद मोजून एकाचे पैसे दिले. तेव्हापासून मी ‘दर प्रति प्रतिमा’ असंच लिहून घेतो.

खरा वेळ स्कॅनिंगच्या आधी जातो. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडायचा, मऊ ब्रशने धूळ झाडायची, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, घड्या हलक्या हाताने उलगडायच्या, मग प्रत्येक कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक. कोरा कागदही सोडायचा नाही. तो सुटला की प्रतिमांची संख्या यादीशी जुळत नाही आणि अख्खं दप्तर फुकटात पुन्हा काढावं लागतं. या पूर्वतयारीचा दर वेगळा मागा; न मागितल्यास कुणी देत नाही. आणि पावसाळ्यासाठी रोजंदारी ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये दमट कागद एकमेकांना चिकटतात, ओढले तर फाटतात, त्यामुळे दिवसाची पानं कमी होतात आणि कमाईही.

जरा स्थिर वाट मला चालू दप्तराच्या, म्हणजे कार्यालयांच्या वापरातल्या फायलींच्या, कामात सापडली. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 वाचून ठेवा. सरकारी वर्गवारी तोंडपाठ हवी: ‘अ’ कायम, ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ 10, ‘क-1’ 5 आणि ‘ड’ 1. कुठली फाइल कधीपर्यंत ठेवायची हे सांगू शकणारा माणूस शिक्षणसंस्थांना आणि सहकारी बँकांनाही लागतो. त्यांचे नियम वेगळे असतात, पण यादी आणि निर्लेखनाची (मुदत संपलेले कागद काढून टाकण्याची) पद्धत तीच.

प्रत्येक काम संपताना अनुभव प्रमाणपत्र घ्या, आणि त्यात ‘काम समाधानकारक’ एवढ्यावर भागवू देऊ नका. किती रुमाल, किती प्रतिमा, कोणती लिपी, कोणता काळ, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं आकड्यांत हवं. मजकूर स्वतः टाइप करून न्यायचा, शेवटचं बिल देण्याच्या दिवशीच सही घ्यायची. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर पासबुक दर महिन्याला उघडून बघा. पगारातून कापलेली रक्कम तिथे जमा झाली नसेल, तर करार चालू असतानाच लेखी पत्र द्या.