६० सेकंद, १२० सेकंद, ७ सेकंद
आज जेवणं झाल्यावर लेकीला तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीच्या इंजिन-चाचणीबद्दल सांगत बसले होते. १७ जानेवारी २०२५ ला इस्रोने तिथे विकास हे रॉकेटचं इंजिन ६० सेकंद चालवलं, बंद केलं आणि १२० सेकंदांनी पुन्हा ७ सेकंद पेटवलं.

"सातच सेकंद?" तिने विचारलं.

मग मोबाइलवर टायमर लावून दोघी १२० सेकंद गप्प बसलो. नुसतं बसायला केवढा वेळ वाटतो तो! तिकडे इंजिन तापलेलं, त्यात इंधन ढकलणारा टर्बोपंप थांबलेला, आणि तशातच पुन्हा पेटायचं. विकासचं इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) एकमेकांना भिडताच पेटतात, ठिणगी लागत नाही. पण दोन्ही नेमक्या क्षणी, नेमक्या दाबाने पोचायला हवीत. रॉकेटचा टप्पा समुद्रात न टाकता अलगद उतरवायचा, तर खाली येताना इंजिनाने असा दुसऱ्यांदा पेट घ्यायलाच हवा. म्हणून मला त्या ७ सेकंदांचं एवढं अप्रूप.

विकास इंजिनं आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यातही घडतात म्हटल्यावर तिचे डोळे विस्फारले. लोकलने जाताना विक्रोळी रोज लागतं आम्हाला.

"आई, उद्या खिडकीत बसायचं हं," म्हणाली आणि झोपली.