"दुखतंय का?" विचारून काही कळत नाही – सर्जिकल वॉर्डातला माझा अनुभव

मी मुंबईत सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. मागच्या वर्षी ऑपरेशननंतरच्या वेदनेची गाइडलाइन आमच्याकडे लागू झाली, मीटिंग झाली, भिंतीवर ० ते १० ची पट्टी लागली (० म्हणजे अजिबात दुखत नाही, १० म्हणजे असह्य), आणि पहिले काही आठवडे आम्ही सगळ्या चार्टवर सरळ २, २, २ भरत गेलो. मीपण.

मग लालबागचे एक काका आले, सगळी उमर गिरणीत गेलेली, आतड्याचं ओपन ऑपरेशन झालं होतं. दुखतंय का काका विचारलं की "नाही सिस्टर, होतंय सहन." मी २ लिहायचे. तिसऱ्या दिवशी ताप, छातीत कफ. खोकायला सांगितलं तर दोन्ही हातांनी पोट धरलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. पडून असताना दुखत नव्हतंच, खोकताना जीव जात होता, म्हणून खोल श्वासही घेत नव्हते आणि खोल श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं स्पायरोमीटर उशाशी तसंच पडलेलं. ते मला फार लागलं.

तेव्हापासून आधी खोकायला लावते, कुशीवर वळवते आणि मगच विचारते. म्हाताऱ्या माणसांना दहापैकी किती हे पटकन कळत नाही, एक आजी आपणहून म्हणाल्या "बारा आणे दुखतंय गं", म्हणजे सात-आठ धरा, आता मी त्यांच्या वयाच्या पेशंटना आण्यांतच विचारते.

खरी झुंज एसओएस, म्हणजे गरज पडली तरच औषध द्या, या ऑर्डरशी होती. दुखलं तर द्या म्हणजे पेशंटने मागेपर्यंत थांबा, आणि आपली माणसं मागतच नाहीत. भूलतज्ज्ञ मॅडम पाठीशी राहिल्या म्हणून पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी ठरलेल्या वेळी सुरू झालं. दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि ट्रॅमाडॉलच्या काही गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं ते धरूनच बेरीज करायची, ही चूक सहज होते बरं का. किडनीचा त्रास असेल तर डायक्लोफिनॅक हे दुखण्याचं औषध नको. मॉर्फीन लागलं तर कुलूप, रजिस्टर, सह्या सगळं करायचं, आणि देण्याआधी-नंतर श्वास मोजायचा, पेशंट नीट जागा होतोय का बघायचं. नातेवाईक घाबरतात, सवय लागेल म्हणून, त्यांना बसून सांगावं लागतं की दोन-चार दिवस बघून-मोजून दिलेल्या औषधाने व्यसन लागण्याची भीती फार कमी, पण न खोकण्याने न्यूमोनिया होऊ शकतो.

सगळ्यात अवघड म्हणजे इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने परत विचारणं. नाईटला आम्ही दोघीच असतो. मी स्टिकिंगच्या (चिकटपट्टीच्या) तुकड्यावर वेळ लिहून सलाईनच्या स्टँडला चिकटवते, दुसरी सिस्टर जवळून गेली तरी तिला दिसतं. तरीही एखाद्या रात्री चार्टवरचा परत विचारण्याचा कॉलम रिकामा राहतोच, मग सकाळी ओव्हर देताना (पुढच्या ड्युटीला पेशंट सोपवताना) मी रिकामा आहे असंच सांगते, उगाच २ टाकत नाही.