दार कुठल्या हाताला?

डिलिव्हरीला निघताना मी एका लहान कूलरमध्ये कच्च्या बिस्किटांचे तीन डबे घेतो. बिस्किटं म्हणजे आपली चहात बुडवायची नव्हेत. अमेरिकेतल्या दुकानात डब्यात मिळणारे पिठाचे मऊ गोळे, भट्टीत ठेवले की पावासारखे फुगतात. कूलर घ्यायला एका ऑगस्टात शिकलो. डबा गाडीतच फुटला आणि दोन दिवस सीटला पीठ चिकटून होतं. नवा स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धगीवर आणि धुरावर मांस शिजवायची लोखंडी भट्टी, गिऱ्हाइकाच्या परसात उभा केला, पेटवला, चांगला तापला, की हे गोळे जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडायचे. कुठला करपला, कुठला पांढरा राहिला, यावरून आच कुठे धावते आणि कुठे रेंगाळते ते कळतं. मी माळकरी घरातला. आम्ही बनवलेल्या स्मोकरमधलं मांस आजवर तोंडात घातलेलं नाही. माझी सगळी परीक्षा धुराच्या रंगावर आणि या बिस्किटांवर.

आमची शेड ह्यूस्टनच्या वायव्येला. पोटाचं काम तेल-गॅसवाल्यांचं : पाइपचे सांगाडे, टाक्यांचे स्टँड. त्यातून फुरसत मिळाली की मालक परसातले ऑफसेट स्मोकर करतो, आणि त्याचं खरं मन तिथेच असतं. ऑफसेट म्हणजे एक आडवं पिंप, एका टोकाला जरा खाली लटकलेली भट्टी, दुसऱ्या टोकाला चिमणी. जाळ मांसाखाली नसतो, शेजारी असतो. त्याची धग आणि धूर पिंपातून वाहत जातो. गुऱ्हाळाचं चुलवाण पाहिलेल्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नाही. कोल्हापुरात शिरोलीला माझी पहिली नोकरी होती. तिथे काहिली आणि धुराडी जोडण्यात माझी दोन वर्षं गेली. इकडे आल्यावर लोखंड तेच राहिलं, फक्त मिलिमीटर जाऊन इंच आले.

२०२५च्या फेब्रुवारीत एक मराठी गृहस्थ आले. चाळिशीचे, ह्यूस्टनजवळच्या केटीला राहणारे. सोबत वडील. गृहस्थांच्या हातात एकतीस ओळींची एक्सेल शीट, वडिलांच्या डोक्यावर मुलाच्या कंपनीची टोपी. आदल्या जुलैतल्या बेरिल चक्रीवादळात त्यांच्या परसातला ओक पडला होता. त्या लाकडाचं सार्थक करायचं म्हणून स्मोकर. मी पहिलं तेच विचारलं, फोडून ठेवलंय का? जुलैत पडलेला ओक गोल ओंडक्यांत तसाच असेल तर वर्षभरातही पुरता वाळत नाही. "बाबांनी सगळा फोडला," ते म्हणाले. वडील काही बोलले नाहीत. आमच्या नमुन्याच्या स्मोकरजवळ लाकडं रचलेली होती, त्यांतली दोन उचलून त्यांनी एकमेकांवर आपटली. टणटणीत आवाज आला. मान हलवली आणि परत ठेवली.

शीटवरची पहिली मागणी, सगळीकडे तीन अष्टमांश इंचाचा पत्रा. कुठेतरी वाचलं होतं की जाड लोखंड म्हणजे स्थिर तापमान. ते खोटं नाही. दुकानात मिळणारे पातळ पत्र्याचे स्मोकर पावसाची सर आली तरी थंडावतात, दारांतून धूर गळतो. पण पाव इंची प्लेटचा एक चौरस फूट दहा पौंडांहून जरा जास्त भरतो, तीन अष्टमांशचा पंधराहून जास्त. त्यांना हवं होतं चोवीस इंच व्यासाचं, अठ्ठेचाळीस इंच लांबीचं पिंप. नुसतं पिंप आणि त्याची दोन तोंडं मिळून एकतीस चौरस फूट होतात. म्हणजे पाव इंचात तीनशे वीस पौंड आणि तीन अष्टमांशात चारशे ऐंशी. भट्टी, पाय, चाकं, जाळ्या वेगळ्याच. आणि ते तापवायला लागणारं लाकूडही त्याच मापात. मी विचारलं, घराच्या बाजूचं फाटक किती रुंद? छत्तीस इंच. चोवीसचं पिंप, पुढची फळी, मागे चिमणीची कोपरी धरून ते फाटकातून जाणारच नव्हतं. नाकापेक्षा मोती जड. शेवटी पाव इंच, वीस बाय चाळीस यावर आले.

उलट्या वाऱ्याचा स्मोकर हवा का, हा पुढचा वाद. इकडे त्याला रिव्हर्स फ्लो म्हणतात. जाळीखाली अखंड प्लेट असते, धूर तिच्याखालून दुसऱ्या टोकाला जातो आणि वरून परत येतो, म्हणून चिमणी भट्टीच्याच बाजूला. आच सगळीकडे सारखी लागते हे खरं. पण ती प्लेट तापायला वेळ खाते, तिच्यावर चरबी साचते आणि धुराची ओढ मंदावते. मला सरळ वारा आवडतो. ओढ चांगली असेल तर निम्मी भांडणं मिटतात. म्हणून चिमणीसाठी मी हटून बसलो. त्यांच्या शीटमध्ये चार इंची पाइप होता, मी सहा घ्यायला लावला. चारचा सहा केला की ऐकायला दीडपट वाटतं, पण तोंडाचं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं. धूर कोंडला की पांढरा होतो, मांसाला काजळीची कडू पुटं चढतात. पातळ, निळसर, जवळजवळ न दिसणारा धूर हवा. चिमणीचं तोंड पिंपाच्या माथ्यावर नको, जाळीच्या पातळीला हवं, म्हणजे धग मांसावरून जाईल, डोक्यावरून नाही.

मग आली इन्सुलेटेड भट्टी. दोन भिंती, मध्ये सिरॅमिकची लोकर. जळण कमी लागतं, थंडीवाऱ्यात फरक पडत नाही. त्यांना ती हवीच होती. मी नको म्हटलं. उत्तरेकडच्या थंडगार मिनेसोटात राहत असता तर मीच आग्रह केला असता, ह्यूस्टनच्या हवेत परसातल्या भट्टीला कशाला? वजन वाढतं, किंमत वाढते. पाव इंचाची साधी भट्टी इथे आयुष्यभर पुरते. हा सल्ला मी शेकडा नव्वद लोकांना देतो आणि आजही बरोबर मानतो. त्यांनी ती ओळ खोडली. खोडताना पेन जरा जास्तच दाबलं, हे मला नंतर आठवलं.

एवढा वेळ वडील भट्टीच्या तोंडाशी उभे होते. दार उघडत होते, मिटत होते. मध्येच म्हणाले, "पावणं, ह्याचं दार कुठल्या हाताला उघडतंय?"

मी म्हटलं, "काका, कुठल्याही हाताला करता येतं. तुम्ही काळजी करू नका."

"बरं," म्हणाले आणि बाजूच्या लाकडांवर जाऊन बसले.

आमचा ऑर्डरचा फॉर्म मालकाने बनवलाय. त्यात भट्टी डावीकडे की उजवीकडे याला रकाना आहे. बाटलीचं ओपनर कुठल्या पायावर बसवायचं यालासुद्धा आहे. भट्टीच्या दाराच्या बिजागरीला नाही. मी काहीच लिहिलं नाही. लिहिलं नाही की शेडमध्ये नेहमीसारखी डावीकडे लागते.

पुढचं काम आमच्या मुख्य वेल्डरचं. मेक्सिकोतल्या मोंतेरेचा माणूस, माझ्यापेक्षा वयाने लहान आणि हाताने कैक पटींनी मोठा. बाहेरच्यांना वाटतं पिंपाचं दार कापणं म्हणजे खिडकी कापणं. पण पाइप हा मुळात वळवलेला पत्रा, त्याच्या अंगात ताण कोंडलेला असतो. चौकट पूर्ण कापली की तो सुटतो. दार एका गोलाईचं होतं, पिंप दुसऱ्या, आणि मग कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट. नवखा माणूस ती हातोडीने मिटवायला जातो. हा आधी दाराच्या दोन्ही टोकांना आतून वळवलेली पट्टी टाके मारून बसवतो. मग चारही बाजू कापतो, त्याही मध्ये दोन-दोन इंच सोडून. बिजागऱ्या अखंड पाइपवरच बसवतो आणि शेवटी ते सोडलेले तुकडे एकेक करून सोडवतो. पाइप गार झाला नसेल तर थांबतो. मालक ओरडला तरी थांबतो. त्या स्मोकरचं दार मिटल्यावर आत टॉर्च लावून आम्ही दिवे मालवले. फक्त एका कोपऱ्यात केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. तो त्या रेघेकडे बघत राहिला आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटला. शाबासकी नक्कीच नव्हती.

एप्रिलात पोचवला. फाटकातून दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहिली. तेलाचा हात फिरवला, पेटवला, साडेतीनशे फॅरनहाइटला बिस्किटं मांडली. भट्टीजवळची चार करपली, बाकीची एका रंगाची. भट्टीच्या तोंडाशी एक छोटी आडोशाची पट्टी लावली, दुसऱ्या डब्याला करपणं थांबलं. नातवंडांनी बिस्किटं लोण्याबरोबर संपवली. मी खूश होऊन घरी आलो. मालकाला म्हटलं, हे असं गिऱ्हाइकाला वळवावं लागतं.

पाच आठवड्यांनी फोन आला. "दादा, बाबांचा हात भाजलाय."

शनिवारी गेलो. मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत पट्टी. डावा हात. डॉक्टरांना दाखवलं होतं, वरवरचं होतं, तरी माझ्या पोटात गोळा आला. स्मोकर पेटलेलाच होता, कारण काका ऐकायला तयार नव्हते. मुलगा आठवडाभर मीटिंगांत अडकलेला. शनिवारी त्याने मांस आणायचं, मसाला चोळायचा, आणि बारा तास जाळ राखायचा काकांनी. दर अर्ध्या-पाऊण तासाने एक ओंडका. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मी सगळी चर्चा एक्सेल शीटशी केली होती.

काका थर्मामीटरकडे बघतच नव्हते. चिमणीवर नजर. धूर जरा दाटला की भट्टीचं दार चिमूटभर उघडायचं, निवळला की लोटायचं. पुढचा ओंडका भट्टीच्या माथ्यावर तापत ठेवलेला, म्हणजे आत टाकल्याबरोबर पेट घेतो. जन्म कराडकडच्या गुऱ्हाळावर गेलेला माणूस, त्याला मी काय सांगणार?

मग त्यांनी ओंडका घातला आणि मला दिसलं. उजवा खांदा वर येतच नव्हता. वीस वर्षांपूर्वी बैलगाडीवरून पडले होते, तेव्हापासून सगळं डाव्या हाताने. बिजागरी डावीकडे. उघडं दार डाव्या बाजूला उभं, त्याचं जळतं तोंड त्यांच्याकडे, आणि लाकूड घालणारा हात दर वेळी त्या दाराला घासून आत जाणार. उजव्या हाताने घालणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

मुलगा मागे येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "मी इन्सुलेटेड म्हणत होतो ना, दादा."

मी गप्प बसलो. खरं तर इन्सुलेटेडने काहीही झालं नसतं. लोकर बाहेरची भिंत गार ठेवते, दाराची आतली बाजू जाळासमोरच असते, ती तशीच तापते. भाजलं ते आतल्या बाजूने. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर ते माझ्या सल्ल्याची बाजू घेणं झालं असतं, आणि सल्ला बरोबर असून काकांच्या हाताला पट्टी होतीच. आता तो मित्रांना सांगतो म्हणे, भट्टी इन्सुलेटेडच घ्या, आमच्या बाबांचा हात भाजला. त्याच्या सांगण्यावरून आलेल्या दोघांनी तीच घेतली. मालक खूश आहे. मी त्यांना अडवलं नाही, हे बरोबर केलं का, ते मला अजून कळत नाही.

जाळ विझून लोखंड गार व्हायला संध्याकाळ झाली. दार बावीस पौंडांचं, काम तासाभराचं. ग्राइंडरने बिजागरी कापली, उजवीकडे लावली, कडी डावीकडे आणली. काका शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. मी म्हटलं, "काका, तुम्ही विचारलं होतं. मी लक्ष दिलं नाही."

"लोखंड तापायचंच, पावणं." मग थोड्या वेळाने, "बसायला कायतरी करा. ही खुर्ची वितळतीय."

पाइपच्या उरलेल्या तुकड्याला तीन पाय लावून स्टूल करून दिलं. ह्यूस्टनच्या उन्हात ते दुपारी भट्टीपेक्षा तापायचं. त्यांनी त्यावर देवघरातला पाट ठेवला, सूनबाईंनी दोन दिवस अबोला धरला.

फॉर्मात बिजागरीचा रकाना घाल म्हणून मी मालकाच्या मागे लागलोय. तो म्हणतो, गिऱ्हाइकांपुढे आधीच पर्याय जास्त झालेत. ओपनरचा रकाना काढायलाही तयार नाही. म्हणून आता मी गिऱ्हाइकाच्या हातात एक ओंडका देतो, गार भट्टीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, घाला. घरी जाळ कोण राखणार हे आधी विचारतो आणि ज्याचं नाव निघेल त्यालाच घालायला लावतो. गेल्या आठवड्यात एका बाईंनी ओंडका दोन्ही हातांनी धरला, गुडघे टेकले आणि सरळ समोरून आत सरकवला. त्यांच्या फॉर्मखाली मी पेन्सिलीने 'बिजागरी' असं लिहून ठेवलंय, पुढची जागा अजून कोरीच आहे.