रिकाम्या खुर्च्यांचा आवाज

विद्यापीठाच्या नाट्यगृहात मी ध्वनियोजना सांभाळते. दुपारच्या तालमीला सभागृह रिकामं असतं, तेव्हा साधी टाळीही घुमत राहते. रात्री माणसं आली की तोच आवाज कसा मऊ, स्वच्छ होतो!

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सबाइन यांनी हे मोजायला घेतलं. तिथल्या एका व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. विद्यापीठाच्याच सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून ते रात्री प्रयोग करायचे. आणि हो, माणूसही आवाज शोषतो, किती ते त्यांनी मोजलं.

म्हणून आसपासच्या वस्तीत प्रवेशिका वाटायला मी स्वतः जाते. परवा पहिल्या रांगेत एक आजी नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या रात्री व्हायोलिनचा प्रत्येक स्वर सुटा ऐकू आला.