लोणार: वही, होकायंत्र आणि पीएच-पट्ट्या

लोणारला नुसते फोटो काढायचे असतील तर अर्धा तास पुरतो. आम्ही गेलो ते भूगोलाच्या अभ्याससहलीत. सोबत एक निवृत्त प्राध्यापक होते आणि त्यांची अट साधी होती: प्रत्येकाकडे वही हवी आणि प्रत्येक गटाने काहीतरी मोजायचं. दरवर्षीच्या या नोंदी त्यांच्या जुन्या विभागात जमा होतात. हौशी हातांनी घेतलेल्या असल्या तरी त्याच जागा, तीच पद्धत, म्हणून पुढच्या विद्यार्थ्यांना तुलनेला उपयोगी पडतात.

लोणारचं सरोवर उल्केच्या आघाताने झालेल्या खोलगट विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. खाली उतरण्याआधी सरांनी काठावरच बराच वेळ थांबवलं. काहींची चुळबुळ सुरू झाली, पण माझ्या मते पैसे वसूल झाले ते तिथेच. दख्खनच्या लाव्हाचे थर सहसा आडवे असतात, कुठल्याही घाटात दिसतात तसे. इथे काठाजवळ तेच थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. क्लिनोमीटर, म्हणजे उतार मोजायचं साधन, लावून कोन घ्यायचा, थोडं पुढे सरकायचं, पुन्हा घ्यायचा. आघाताने जमीन वर उचलली जाऊन बाहेर उलटली, हे चार-पाच नोंदींनंतर सांगावं लागत नाही. हे ज्वालामुखीचं मुख असावं, असंही पूर्वी मानलं जाई. १९७३ साली इथल्या खडकात मास्केलिनाइट, म्हणजे प्रचंड दाबाने काचेसारखं झालेलं फेल्डस्पार हे खनिज, सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि पारडं उल्केकडे झुकलं.

वयाचा विषय निघाला की सर खुलायचे. बहुतेक ठिकाणी ५२ हजार वर्षं असं वाचायला मिळतं. आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून, नंतर काढलेलं वय मात्र सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आहे. फरक थेट दहापटीचा! दोन्ही आकडे वहीत लिहा आणि पुढे पद्धत लिहा, एवढंच त्यांचं म्हणणं.

होकायंत्राची गंमतही झाली. काही दगडांजवळ नेलं की सुई फिरते आणि लगेच ‘हा बघा उल्केचा तुकडा’ असं ऐकू येतं. बेसॉल्टमध्ये, म्हणजे इथल्या लाव्हाच्या खडकात, मुळातच मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. सुई फिरायला उल्का लागत नाही. असला खेळ दाखवून पुढे निघणारा मार्गदर्शक असेल तर त्याला निदान दोन प्रश्न विचारा.

खाली पाण्याशी पीएच-पट्टी दहाच्या आसपास रंग दाखवते, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. ‘धार’ या झऱ्याच्या गोड्या पाण्याची पट्टी शेजारी धरली की फरक डोळ्यांत भरतो. सरोवरात पाणी येतं, पण बाहेर वाट नाही. ते वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेही पातळी घटून क्षारता वाढल्यावर फोफावलेल्या लवणप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी हे सरोवर रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं.

आता जाणाऱ्यांसाठी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात हिरवळ सुंदर, पण उतार निसरडा आणि झाडोऱ्यात थर झाकलेले. रेल्वेने जालना सोयीचं, पुढे रस्त्याने. सकाळी लवकर उतरा, कारण चढताना ऊन अंगावर येतं. पकड असलेले बूट आणि भरपूर पाणी घ्या. खाली सरोवरालगतची वाट पाण्याच्या पातळीप्रमाणे बदलते, ती आधी वनखात्याकडे विचारा. सरोवराजवळच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत जायचं असेल तर खास चौकशी करा.

हा अभयारण्याचा भाग आहे. दगड, माती, वनस्पती काहीही उचलायचं नाही. नमुने हवेच असतील तर संस्थेमार्फत लेखी परवानगी लागते. ‘आम्ही मॅनेज करतो’ म्हणणाऱ्या आयोजकाकडे नोंदणी करू नका. नोंदणीपूर्वी दोन गोष्टी विचारा: सोबत विषय शिकलेला माणूस आहे का, आणि घेतलेल्या नोंदींचं पुढे काय होतं. एका मार्गदर्शकामागे पंधरापेक्षा जास्त माणसं असतील तर मागच्यांना काही ऐकू येत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि वेळ काढून लहान लोणार, म्हणजे अंबर तळं, पाहून घ्या. तेही आघातातूनच झालं असावं असा एक कयास आहे. आमच्या गटात त्यावर रात्री जेवताना जोरदार वाद झाला आणि सरांनी मुद्दामच निकाल दिला नाही.